बाकी काय?

गुरुवार, दुपार

चि. धाकटीस,


तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप ऐकला. अकरा मिनिटं आणि वर काही सेकंद. मी चहा टाकला, उकळला, गाळला, प्यायले, कप विसळून पालथा घातला, तरी तू बोलतच होतीस. शेवटी एकदाचं आलं, "आत्याआजी, आज मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला 'मुद्द्यावर ये' म्हणाले. मी फार बोलते का गं? विचार न करता बोलते का?"

एका दमात दोन प्रश्न विचारलेस आणि तुला वाटलं एकच विचारला. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. हो, फार बोलतेस. लहानपणी तुला पाळण्यात घातलं की पाळण्याशीसुद्धा बोलायचीस. दुसऱ्यासाठी मात्र हे पत्र. उलट निरोप पाठवला असता, पण मी बोलायला लागले तर माझीही अकरा मिनिटं व्हायची. घराण्याचा गुण आहे तो. लिहिताना अंगठा दुखतो, म्हणून जरा आवरतं घेतलं जातं.

तुला माहीतच आहे की मी टेलिफोनमध्ये होते. पण तिथे नेमकं काय करत होते हे तू कधी विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. 1973 साली लागले, एकविसाव्या वर्षी. तेव्हा तार, टपाल, टेलिफोन सगळं एकाच खात्यात होतं. वाटण्या झाल्या त्या 1985 ला. आमचं लहानसं एक्स्चेंज, पोस्टाच्या मागच्या खोलीत. उभा लाकडी बोर्ड, त्यात भोकांच्या रांगा. ते जॅक. पुढच्या फळीवर कॉर्डच्या जोड्या, दर जोडीला एक की आणि बारके दिवे. कुणी 180 फिरवला की दिवा लागायचा. मागची कॉर्ड त्याच्या भोकात खुपसायची, "ट्रंक बुकिंग" म्हणायचं, गाव, नंबर, ऑर्डिनरी का अर्जंट, सगळं तिकिटावर लिहायचं. मग मुंबईची, पुण्याची लाइन मोकळी मिळेपर्यंत तो माणूस वाट बघणार. दोन तास, चार तास, कधी उद्या सकाळी. लाइन मिळाली की पुढची कॉर्ड पलीकडे, घड्याळ बघून तिकिटावर वेळ टाकायची आणि म्हणायचं, "बोला."

आणि अधूनमधून की ओढून कान द्यायचा. लाइन मेली का, ऐकू जातंय का, संपलं का. त्यासाठी ऐकावं लागायचंच. पण ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, तो गुन्हा. 1885 चा तारांचा कायदा होता, त्यात तसं स्पष्ट होतं. लागताना सही घेतली होती माझी.

माझे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, रोज दासबोध वाचायचे. त्यातल्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. त्यात समर्थांनी एक असाही मूर्ख घेतलाय, की दोघं बोलत असतात तिथे तिसरा जाऊन बसतो. माझी नोकरीची ऑर्डर आली त्या रात्री वडील शांतपणे पोथी मिटत म्हणाले, "आता सरकार तुला त्याचा पगार देणार."

तर अशी मी पगारी मूर्ख, हजारो लोकांचं बोलणं कानावरून गेलेली. आणि तुला खरं सांगते, इतके पैसे मोजून, इतका वेळ वाट बघून माणसं काय बोलायची? ऐक.

"हॅलो! हॅलो! ऐकू येतंय का?"

"येतंय! तुला येतंय का?"

"येतंय! कोण बोलतंय?"

"मी बोलतोय!"

"कसा आहेस?"

"बरा आहे. तुम्ही?"

"आम्ही बरे. पाऊस आहे का तिकडे?"

"आहे. तिकडे?"

"इकडेपण आहे. बाकी काय?"

"बाकी ठीक. तिकडे बाकी काय?"

गेली दोन मिनिटं. एका कॉलची कमीत कमी तीन मिनिटं धरायची, मग तू अर्ध्या मिनिटात ठेव नाही तर पुरी बोल. पावसाची तर मला महाराष्ट्रभरची खबर असायची. आणि हे "बाकी काय"! बाकी म्हणजे वजाबाकी करून उरते ती. इथे अजून काही वजाच झालेलं नाही, तर बाकी कुठून आली? सुरुवातीला मला या लोकांचा राग यायचा. वाटायचं, मध्ये तोंड घालून ओरडावं, अहो, कामाचं बोला, पैसे पडतायत तुमचे. नवी होते ना. पुढे राग गेला. का गेला ते शेवटाकडे सांगते.

एक कॉल मात्र मला जन्मभर पुरलाय. जुलै महिना. खांबावरच्या उघड्या तारा, त्यावर फांदी पडली की लाइन गेलीच. आमच्या गावातल्या एक बाई, वडील पुण्याला भावाकडे आजारी. भावाचा नंबर दुपारी लागला. भाऊ सांगतोय, "अगं, काल नेलं होतं बाबांना, म्हणजे आधी मोठ्या डॉक्टरांकडेच न्यायचं होतं, पण ते गावाला गेलेत, मग त्यांच्या हाताखालचे आहेत ना, चष्मेवाले, मागे आईला बघितलेले, तर ते म्हणाले की सगळे रिपोर्ट बघता बाबांचं ऑपरेशन करावं लागणार—"

खट्. लाइन मेली.

आहे का नाही? आपल्या मराठीत हा निकाल वाक्याच्या शेपटाला बांधलेला असतो. सगळं वाक्य ऐकलं तरी हाती काही लागत नाही, शेवटचा शब्द पडेपर्यंत. त्या बाई बूथमधून बाहेर आल्या, बाकावर बसल्या, पदराची कड दातांत धरून. एक शब्द बोलल्या नाहीत. लाइन परत मिळायला पावणेदोन तास लागले. मिळाल्याबरोबर मी पुण्याच्या ऑपरेटरला म्हटलं, बाई गं, त्या नंबरवर आधी एवढंच विचार, आहे का नाही. नियमात बसत नव्हतं. ती विचारून आली. "नाही." मी खिडकीतून बाईंना नुसती मान हलवून दाखवली, मग कॉल जोडला. त्यांनी पहिली दोन मिनिटं भावाला शिव्या घातल्या. ती दोन मिनिटं मी तिकिटावर धरली नाहीत.

तेव्हापासून मला फोनवर क्रियापद आधी टाकायची खोड लागली. "नाही लागणार ऑपरेशन. आता ऐक कसं झालं ते." "पोचलो. गाडी दोन तास लेट होती." तुझे आजोबा हसायचे, तार वाचल्यासारखी बोलतेस म्हणायचे. पण तुझ्या त्या मीटिंगला ही खोड बरी पडेल बघ. तू काय करतेस, तुला एखादी गोष्ट कशी सापडली, आधी कुठे शोधली, तिथे कोण भेटलं, फाइल कशी उघडत नव्हती, या क्रमाने सांगतेस. समोरच्यांना सापडलेलं हवं असतं. चष्मेवाले डॉक्टर मागून आले तरी चालतात. ऑफिसचं एवढंच. त्यापलीकडे 'मुद्द्यावर ये' म्हणणाऱ्यांचं फार मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्यातले निम्मे स्वतः पाऊण तास बोलून मग घड्याळ बघतात.

आता तू म्हणशील, म्हणजे कमी बोलायचं. थांब. कमी बोलणारे मी तारेच्या खिडकीत बघितलेत. तारेला शब्दामागे पैसे, पत्त्याचेही शब्द मोजायचे, त्यामुळे गावठी माणूससुद्धा तिथे इंग्रज होऊन जायचा. आमच्या आळीतल्या एका घरी तार आली, मुलाची, दिल्लीहून. "डोंट वरी लेटर फॉलोज." चार शब्द, एकही फाजील नाही. तोपर्यंत त्या घरात कुणाला कसलीच काळजी नव्हती. तार वाचली आणि आजीबाईंनी देव पाण्यात घातले. कुणी म्हणे अपघात, कुणी म्हणे नोकरी गेली, एक मामा तर परस्पर लग्नच केलं असणार म्हणून मोकळे झाले. चौथ्या दिवशी पत्र आलं. त्याने खोली बदलली होती, नवा पत्ता कळवला होता. मध्ये टपालाचा संप होईल असं ऐकलं, तर घरचे काळजी करतील, म्हणून तार केली होती बिचाऱ्याने. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा पेपरांतून सगळे हळहळले. मला ती आजीबाई आठवली, देवांसकट.

तेव्हा शब्द मोजून भागत नाही.

आपल्या भाषेत लांबलेल्या बोलण्याला काय काय म्हणतात ते आठव. चऱ्हाट वळतो. दळण दळतो. टकळी चालू आहे. गुऱ्हाळ लावलंय. चऱ्हाट म्हणजे जाड दोर, दळण जात्यावरचं, टकळी सुताची, गुऱ्हाळ उसाचं. सगळी हाताची कामं. (तोंडाचा पट्टा तेवढा वेगळ्या घरातला, तो लढाईतला.) मला नेहमी वाटतं, ही नावं टीका म्हणून पडली असतील, पण पाडणारा त्या कामापाशी बसून गप्पा ऐकलेला असणार. हात गुंतलेले, तोंड मोकळं, रात्र मोठी. शिळोप्याच्या गप्पा त्या याच. आणि दोर, पीठ, सूत, गूळ यांतलं एक तरी काही सकाळी तयार असायचं.

माझ्या आईचं माहेर पंचगंगेच्या काठचं. थोरल्या मामांचं गुऱ्हाळ होतं. दिवाळी झाली की सुरू, ते शिमग्यापर्यंत. आम्ही पोरं रात्री तिथेच, पोत्यांवर. चरकात ऊस जातोय, रस येतोय, काहिलीत पडतोय. काहील बघितली नाहीस ना तू? चार माणसं आडवी झोपतील एवढं पसरट लोखंडी भांडं. खाली चुलवाण, त्याच्या तोंडाशी बसून एकजण वाळकी चिपाडं आत सारतोय. रस उकळायला लागला की त्यात भेंडीचं चिकट पाणी घालायचं, की मळी वर येते. ती झाऱ्याने काढत राहायची. थंडी मी म्हणत असते आणि चुलवाणापाशी मात्र घाम. त्या उबेला गावातले दहा-बाराजण आपोआप येऊन टेकायचे.

आणि मग बोलणं. कारखान्याने काय भाव दिला, त्यावरून कुणाचा ऊस कुणी पेटवला, त्यावरून पेटवणाऱ्याची म्हैस, म्हशीवरून तिच्या आधीच्या मालकाची दुसरी बायको, तिच्या माहेरचा पैलवान, तो खासबागेत कसा चीत झाला, आणि तिथून थेट त्या दिवशी कोल्हापुरात किती पाऊस होता! पहिल्या गोष्टीचा शेवट कुणी मागत नसे. ऊस कुणी पेटवला ते मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यांत जास्त बोलणारा कोण, तर गुळव्या. म्हणजे गूळ करणारा कारागीर, ज्याच्या हातात सगळं आदण. काळा, शिडशिडीत, डोक्याला फडकं. पैलवानाची कुस्ती तो असा सांगायचा, की बसलेले लोक अंग आखडून घ्यायचे. पण बोलताना तो माणसांकडे बघत नसे. त्याचा डोळा काहिलीवर. रस आटत आला, बुडबुडे जड पडायला लागले, फेसाचा रंग पालटला, की हा बोलता बोलता गप्प. पैलवान पट काढायला वाकलाय आणि हा गप्प. उठायचा, चमचाभर पाक उचलून गार पाण्यात सोडायचा, बोटांनी चाचपायचा. गोळी धरत नसली की परत बसायचा. धरली की एकच शब्द, "उतरा." मग सगळ्यांनी मिळून काहील ओढायची आणि पाक वाफ्यात ओतायचा. तेव्हा कुणी कुणाशी बोलत नाही. जरा उशीर झाला तर करपून काळा पडतो, घाई केली तर ढेप धरत नाही. ओतून झालं, घोटायला घेतलं, की कपाळाचा घाम पुसून गुळव्या म्हणायचा, "तर पट काढाय वाकला..."

मी लहानपणी समजायचे की तो गोष्ट रंगवायला मुद्दाम थांबतो.

बोलण्यात वाहवत जाण्याचं मला वावडं नाही, धाकटे. वाहवत जावं. तुझं ते मांजरीवरून घरमालकिणीवर, घरमालकिणीवरून मेट्रोवर, मेट्रोवरून माझ्या गुडघ्यांवर येणं मला आवडतं. नाही तर या घरात मला दुसरं कोण अकरा मिनिटं देतं? आता माझं सांगते. हे तुझ्या बाबालाही माहीत नाही.

1982 साल. जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार. त्यांतली कितीतरी माणसं आपल्या घाटावरची आणि कोकणातली, एकेका गावात दर दोन घरांत एक गिरणीवाला. आधी वाटलं महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मिटला नाही. त्या वर्षी मुंबईच्या कॉलांमधलं पावसाचं बोलणं कमी झालं, एवढं मी सांगू शकते.

आमच्या नळापाशी एक काकू यायच्या. त्यांचा थोरला परळकडे राहायचा, चाळीत खोली होती. त्या खोलीचं काकूंना फार. घेताना त्यांनी आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. गावात कुणी मुंबईला निघालं की म्हणायच्या, "आमच्या खोलीवर उतरा." श्रावणात एका संध्याकाळी काका एकटेच पोस्टात आले. कॉल मीच जोडला. कान दिला तेव्हा मुलगा म्हणत होता, खोली दिली विकून, दुसरा इलाज नव्हता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "तुझ्या आईला इतक्यात बोलू नको. मी बघून सांगतो."

रात्रभर माझ्या डोक्यात काकू. सकाळी नळावर त्या भेटल्या. चेहरा मला ओढलेला वाटला. वाटला, हं. मला वाटलं काकांनी रात्री सांगितलं असणार. आणि मला त्यांना धीर द्यायचा होता. मी म्हटलं, "काकू, खोली गेली तर गेली, पोरगं धडधाकट आहे."

कळशी भरून वाहायला लागली होती. त्यांनी नळ बंद केला. "कुणाची खोली?"

मी काहीतरी सारवासारव केली, आमच्या ऑफिसातल्या एकाची म्हणून. त्यांनी मान डोलावली. कळशी उचलली नाही, तशीच ठेवून घरी गेल्या. नंतर त्यांची सून येऊन घेऊन गेली.

ते वाक्य आठ शब्दांचं होतं. मोजलंय मी, तारेच्या खिडकीवर बसायची सवय. तारेत मावलं असतं. त्यात पाल्हाळ नव्हतं, वायफळ काही नव्हतं, मुद्द्यावरच होतं. आणि विचार न करता बोलले असं तरी कसं म्हणू? रात्रभर विचारच करत होते. फक्त सगळा विचार माझ्या बोलण्याचा होता, मी काय म्हणेन, ते किती बरं वाटेल. सकाळी नळापाशी समोर उभ्या असलेल्या बाईकडे मी नीट बघितलंच नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तीही चांगुलपणाने. नियम मला पाठ होता, कायद्यावर सही होती. दासबोधात त्याच दुसऱ्या दशकात पुढे दहावा समास आहे, पढतमूर्खाचा. पहिल्यातून दहाव्यात माझी बढती झाली, ती अशी.

तक्रार कुणी केली नाही. केली असती तर नोकरी गेली असती. काकूंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही, नळावर मात्र माझ्या वेळेला येईनाशा झाल्या. आणि काका. त्यांना फोन करायचा असला की ते पोस्टात यायचे, आधी मागच्या दारातून बोर्डावर कोण आहे ते बघायचे. मी असले की बाहेर वडाखाली बिडी ओढत बसायचे, माझी ड्युटी संपेपर्यंत. पुढे चार-पाच वर्षं, बदली होईस्तोवर, मी त्यांना तिथे बसलेलं बघितलंय. पावसात छत्री घेऊन.

पुढे एसटीडी आली, पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. लोक लाल आकड्यांकडे बघत बोलायला लागले आणि आमचे बोर्ड एकेक करून निघाले. मला 197 वर बसवलं, नंबर सांगायला. त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. 2016 ला जिओ आलं आणि बोलणं जवळजवळ फुकटच झालं. आता मध्ये शिरून कुणी वेळ सांगत नाही.

मघाशी म्हटलं होतं ना, राग का गेला ते सांगते. तीन मिनिटं भरली की मी की ओढून म्हणायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" त्यावर पलीकडे एक श्वासभर शांतता. तो बाकी-काय-वाला, पाऊसवाला माणूस एकदम गप्प. आणि मग घाईघाईने, आवाज उतरलेला: "ऐक, ते पैसे मी नाही पाठवू शकत." "ताई परत आलीय, कायमची." "आई, मी येऊ का गं घरी?" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की पुढे पुढे मला आधीच कळायचं. कोण किती वेळ पावसावर रेंगाळतंय यावरून मला त्याच्या मागचं ओझं जोखता यायचं. कुत्रं कसं, बसायच्या आधी जागेभोवती दोन-तीन गिरक्या घेतं, तसं. मग मी काही वेळा तीन मिनिटं होऊनही गप्प बसायची. अर्धं मिनिट, पाऊण मिनिट. तिकिटावर तीनच लिहायची. खात्याचं नुकसान केलं, कबूल आहे, पेन्शनमधून कापा म्हणावं.

तर, तुझा निरोप.

नवव्या मिनिटाला (घड्याळ बघायची खोड जात नाही) तू म्हणालीस, "आणि तसंही मी इथे फार दिवस टिकेन असं वाटत नाही." आणि त्याला लागूनच घरमालकिणीच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगितलंस. चार, त्यातलं एक काळं, डोळे उघडले नाहीत अजून. ते आधीचं वाक्य मी मागे नेऊन तीनदा ऐकलं. 'इथे' म्हणजे या नोकरीत, का त्या शहरात, ते कळलं नाही. आवाज मात्र कळला.

काल तुझ्या बाबाचा फोन होता. पाऊस आहे म्हणाला. मी म्हटलं, इकडेही आहे. तुझं विचारलं, तर म्हटलं, मजेत आहे, मांजरीला पिल्लं झालीत.

रविवारी सकाळच्या गाडीने ये. पुरणाचं काही होणार नाही, गुडघे धरलेत, थालीपीठ लावीन. काळ्या पिल्लाचं आधी सांग, मग घरमालकिणीचं, मग मेट्रोचं, हवं तेवढं. मी ताट वाढून घड्याळाकडे पाठ करून बसेन. बाकी काय, ते तुझं तुला जमेल तेव्हा.

तुझी,
आत्याआजी